पुस्तकांची आडत

मागच्या महिन्यात माजलगावात साहित्य मेळावा झाला. मंचाला नाव दिलं होतं सुशीला वाव्हळ यांचं. म्हणजे आमच्या वाव्हळ बाईंचं. फ्लेक्सवर त्यांचा फोटो होता, कुठल्या तरी ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यात बाई सौम्य दिसत होत्या. जिवंतपणी त्या एकदाही तशा दिसल्या नाहीत. दिवा लावला तो शिक्षण संस्थेच्या आताच्या अध्यक्षांनी, म्हणजे साखर कारखान्याच्या जुन्या चेअरमनच्या मुलानं. मग एका वक्त्यानं बाईंना 'नवोदितांची माउली' म्हटलं, आणि मी उठून बाहेर चहाच्या टपरीवर येऊन बसलो.

माउली. बाई असत्या तर त्याला तिथंच विचारलं असतं, "कावून रे, मी कुणाला दूध पाजलं?"

म्हणून हे लिहितो आहे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. आईबापांनी ऊस तोडून मला शिकवलं, हे मी लपवत नाही आणि सांगायची संधीही सोडत नाही. मला गोल गोल लिहिता येत नाही. कुणाला राग आला तर येऊ द्या. मला आलेला आहेच.

बाई आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या, मी इतिहास. शाळा साखर कारखान्याच्या शिक्षण संस्थेची. कारखान्याचा चेअरमन तोच संस्थेचा अध्यक्ष, तोच दूध संघावर, तोच बँकेवर. आमच्याकडं सहकार म्हणतात तो हा. बाई माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, शाळेमागच्या गल्लीत दोन खोल्या. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते, त्यामुळं बाईंचं लहानपण पोत्यांच्या थप्प्यांवर गेलं. शाळेत मुलांपुढं त्या पुस्तकी बोलायच्या. शाळा सुटली की मोंढा तोंडात यायचा.

मोंढ्यात शेतकरी आपला माल आपण विकत नाही. माल आडत्याच्या दुकानापुढं उतरतो, खरेदीदार येतात, बोली लागते, आणि शेतकऱ्याच्या वतीनं आडत्या बोलतो. बाईंचं म्हणणं असं, की शेतकऱ्याला निदान आडत्या असतो. लिहिणाऱ्या पोराला कोण असतं? तो वहीचं बाड घेऊन पुण्याला जातो. प्रकाशकाच्या दारात चप्पल बाहेर काढावी का पायातच ठेवावी याचा विचार करत उभा राहतो. आत गेल्यावर 'ठेवून जा' एवढं ऐकतो आणि परत येतो. बाड तिथंच राहतं. वर्षानं पत्र टाकावं तर उत्तर नाही.

त्यातून बाईंनी आडत सुरू केली. आष्टी, सिरसाळा, धारूर, कुठून कुठून पोरं-पोरी बाडं घेऊन त्यांच्याकडं यायची. बाई वाचायच्या, फाडून खायच्या, परत लिहायला लावायच्या, आणि मनासारखं झालं की सुट्टीत स्वतः पुण्याला जाऊन प्रकाशकापुढं बसायच्या. लेखकाला सोबत न्यायच्या, पण आत तोंड उघडू द्यायच्या नाहीत. मी एकदा कुठंतरी वाचलं होतं की परदेशात लेखकांचे एजंट असतात. आमच्याकडं एजंट म्हणजे विम्याचा, नाहीतर आरटीओतला. बाईंना मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आडत्याच की तो. फकस्त टाय घातलेला."

त्या मोबदला काय घ्यायच्या असं लोक विचारतात. शिव्या द्यायचा हक्क घ्यायच्या. आणि तो पुरेपूर वसूल करायच्या.

बाड हातात आलं की पहिलं पान त्या कधीच वाचत नसत. मधेच कुठंतरी उघडायच्या आणि तिथून सुरू. मोंढ्यात पोत्याच्या पोटात लोखंडी नळी खुपसून नमुना काढतात, तसं. "पोत्याचं तोंड सगळेच चांगलं भरतेत," म्हणायच्या. वाचताना पानाचा कोपरा अंगठा आणि बोटात धरून चोळायच्या, तूर वाळली का बघावं तसं. त्यांनी वाचलेल्या प्रत्येक बाडाचे कोपरे कापसासारखे मऊ होऊन जायचे.

माझ्याही कविता होत्या. कुणाच्या नव्हत्या त्या वयात? बाईंनी मधलं पान उघडलं, कोपरा चोळला, दोन पानं वाचली आणि वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

"यात तुझी पदवी लई बोलतीया," त्या म्हणाल्या. "तू कवा बोलणार?"

मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही. मग मी कविता सोडल्या, आणि मराठी कवितेचं काही बिघडलं नाही.

दुसरा नियम याहून कडक. ज्याच्यावर लिहिलंय त्याच्यापुढं बसून ते वाचून दाखवायचं. तो मेला असेल तर त्याच्या बायकोपुढं, लेकरापुढं. त्याशिवाय बाड पुण्याला जाणार नाही. सिरसाळ्याच्या एका पोरानं चुलत्यावर लांबलचक लिहिलं होतं. चुलता जमीन खाणारा, बायकोला मारणारा. पोरगं भीतीनं अर्धं झालं. बाई स्वतः सोबत गेल्या, मलाही नेलं. चुलता ओट्यावर बसून सगळं शांतपणे ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, "बाकी समदं हाय तसंच हाय. पण माझा बैल पांढरा न्हवता बे. कोसा हुता. तेवढं नीट कर." परत येताना बाई गाडीत हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते असं, मोजक्या वेळा.

पुण्यातलं मला फारसं बघायला मिळालं नाही, एक-दोनदाच गेलो. एका प्रकाशकाकडं बाई बाहेरच्या बाकावर भाकरी सोडून बसल्या, तर तिथला कारकून म्हणाला, इथं खाऊ नका, वास येतो. बाई म्हणाल्या, "बरं," आणि शेवटचा घास होईपर्यंत खात राहिल्या. मग आत गेल्या. प्रकाशक सभ्य माणूस होता. तिथं सगळेच सभ्य असतात. त्यानं सांगितलं, लेखन अस्सल आहे, मातीचा गंध आहे, फक्त भाषा जरा सगळ्यांना समजेल अशी करून द्या.

बाई म्हणाल्या, "तुमची भाषा आम्ही पहिलीपासून शिकलो साहेब. मार खाऊन शिकलो. तुम्ही आमची एका पुस्तकापुरती शिका."

ते पुस्तक त्यानं घेतलं नाही. गंध घ्यायला तयार होता, भाकरीचा सोडून.

बाईंची फजितीही झाली, तीही सांगतो, नाहीतर मीसुद्धा फ्लेक्सच लावतोय असं व्हायचं. त्यांच्या डोक्यात आलं की बाडाची बोली लावायची. एकच खरेदीदार असला की भाव पडतो, दोन आले की चढतो. म्हणून धारूरच्या एका पोराच्या कादंबरीसाठी त्यांनी पुण्याच्या दोन प्रकाशकांना एकाच रविवारी शाळेत बोलावलं. एकमेकांना कळू नये म्हणून एकाला सातवीच्या वर्गात बसवायचं, दुसऱ्याला प्रयोगशाळेत. कादंबरीच्या दोन प्रती करून ठेवल्या. मला फाटकावर उभं केलं. अकराच्या सुमारास एक पांढरी गाडी आली आणि दोघंही प्रकाशक तिच्यातूनच उतरले. एकाच्या हातात दुसऱ्याचा पाण्याचा थर्मास. भाडं निम्मं निम्मं पडतं म्हणून बरोबर आले होते, आणि येता येता नगरच्या पुढं कुठंतरी चहा पिताना ठरवून टाकलं होतं की कादंबरी कुणी घ्यायची आणि काय अटीवर.

ते गेल्यावर बाई रिकाम्या वर्गात बाकावर बसून राहिल्या. म्हणाल्या, "मोंढ्यात पण खरेदीदार बोलीच्या आदी एका टेबलावर चहा पितेत. माझा बाप रोज सांगायचा. मला वाटलं, शिकलेले लोक हायेत, हे तसं करणार न्हाईत."

शिकलेल्या लोकांबद्दलचा त्यांचा हा एवढाच गैरसमज होता. तोही त्या दिवशी गेला.

आता छायाचं सांगायचं. खरं तर हे सगळं तेवढ्यासाठीच लिहितोय.

छाया बाईंचीच विद्यार्थिनी. धारूर तालुक्यातली, बौद्ध घरातली. घरी थोडी कोरडवाहू आणि एक म्हैस. ती लहान असताना मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तिची आई म्हैस घेऊन कारखान्याच्या चारा छावणीत येऊन राहिली. कारखान्याच्या माळावर छावणी. दावणीला जनावरं, त्यांच्याजवळच मालकांच्या पालाच्या खोपी, चारा म्हणून उसाचं वाढं, टँकरचं पाणी, आणि प्लास्टिकचा कागद अंथरून केलेले हौद. छाया आईबरोबर तिथं राहिली होती. मोठी होऊन संस्थेच्याच सिरसाळ्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली, आणि तिनं त्या छावणीवर पुस्तक लिहिलं.

बाईंनी मधलं पान उघडलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी पाहिलं की त्या मागं गेल्या आणि पहिल्या पानापासून वाचायला बसल्या.

त्या पुस्तकात एक धडा हौदाचा होता. माळाच्या वरच्या अंगाला एक हौद, तो गावातल्या बाकीच्यांचा. उताराला दुसरा, तो आमच्या दलित वस्त्यांचा. टँकर वर थांबायचा. वरचा हौद भरून उरलं तर खाली सोडायचं. कुणी तसा नियम केला नव्हता, फलक लावला नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं.

नियमाप्रमाणं बाई छायाला घेऊन तिच्या आईपुढं वाचून दाखवायला गेल्या. मी होतो. कौसाबाई, छायाची आई, दारात तांदूळ निवडत ऐकत होत्या. हौदाचा धडा संपल्यावर म्हणाल्या, "एक चुकलं तुझं, छाया. आपली म्हस वरच्याच हौदावर प्यायची."

छाया म्हणाली, "आई, मला आठवतंय, आपण खालीच जायचो."

"आपुन जायचो. म्हस न्हाई. म्हशीला कोण कशाला आडवील? मी तिला हौदापर्यंत सोडायची आन् मागं उभी ऱ्हायची. ती पोटभर पिऊन यायची. मग मी घागर घिऊन खाली जायची, पाणी उरलं हाय का बघाया."

हे सांगताना त्यांचा तांदूळ निवडायचा हात थांबला नाही. बाई उठून अंगणात गेल्या. परत आल्या तेव्हा छायाला एवढंच म्हणाल्या, "लिही. आई बोलली तसंच लिही. एक शब्द आपला घालू नको."

तो धडा मी वाचलाय. मी इतिहास शिकवतो, पाणी आणि माणूस यांवर बरंच वाचलेलं आहे. त्या दोन पानांएवढं सरळ काही वाचलं नाही.

तोवर परत दुष्काळ लागला होता. ओळीनं दुसरं वर्ष. सिंदफणेच्या पात्रात वाळू, धरणात गाळ. पुण्याच्या प्रकाशकानं या वेळी पुस्तक हातोहात घेतलं. बाईंना फोनवर म्हणाला, "लगेच काढू. पाऊस चांगला झाला की विषय थंड होतो." बाईंनी फोन ठेवला. इकडं लोक आभाळाकडं बघत होते पाऊस कधी येतो म्हणून. तिकडं एक माणूस बघत होता, अजून थोडा थांबतो का म्हणून.

प्रकाशकाची अट एकच. छपाईचा खर्च निघावा म्हणून संस्थेनं आपल्या सगळ्या शाळांच्या वाचनालयांसाठी प्रती घ्याव्यात. बाईंना न विचारता त्यानं परस्पर चेअरमनला पत्र लिहिलं आणि सोबत मुद्रितं पाठवली. चेअरमन खूश. आमची लेक, आमची छावणी, प्रस्तावना मीच लिहितो म्हणाला. मग त्यानं मुद्रितं वाचली, किंवा कुणाकडून तरी वाचून घेतली, आणि बाईंना बोलावणं आलं.

बाई मला सोबत घेऊन गेल्या. चेअरमननं उठून नमस्कार केला, चहा मागवला. त्याची पोरं बाईंच्या हाताखाली शिकलेली. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. त्याला कधी गरजच पडली नाही.

"बाई," तो म्हणाला, "पुस्तक उत्तम आहे. फक्त तो हौदाचा धडा तेवढा काढू. तालुक्यात तेढ होईल. आणि मला सांगा, छावणी आम्ही उघडली नसती तर ती म्हैस जगली असती का? मग पुस्तकात त्या म्हशीनं आमचे आभार मानायला नकोत का?" हे बोलून तो स्वतःच हसला. बसलेले दोघं संचालकही हसले.

बाई म्हणाल्या, "म्हस मानील की. तिला पाणी मिळालं हुतं."

चहा तसाच राहिला. आम्ही बाहेर पडलो. फाटकाशी बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "धडा निघणार न्हाई. दुसरा प्रकाशक बघते. न्हाईच मिळाला तर चक्रमुद्रित करून वाटते." मला आनंद झाला. आयुष्यात एकदा तरी त्या माणसाला 'न्हाई' ऐकावं लागणार होतं.

पण बाईंचा स्वतःचाच एक नियम होता. माल शेतकऱ्याचा. विकायचा की परत न्यायचा ते तो ठरवणार, आडत्या नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही छायाच्या गावी गेलो. छाया आली होती. तिची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. चेअरमननं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. काढायची गरज नव्हती, पण छाया तरीही म्हणाली, "बाई, तुमी म्हणाल तसं. माझं मी बघून घीन."

तेव्हा कौसाबाई आतून आल्या. अंगणात म्हशीला दाव्यातून सोडू लागल्या. ही त्या म्हशीची नात म्हणा, पणती म्हणा.

"बाई," त्या म्हणाल्या, "काढा तो धडा."

"कावून?" बाईंनी विचारलं. आवाज असा, की शाळेतलं पोर रडलं असतं.

"परवा मी छावणीला चाललेय. औंदा कडबा न्हाई, पाणी न्हाई. छावणी तीच, त्याच माळावर. पुस्तक छापून यील तवा तुमी पुण्यात आसाल, छाया शाळंत. मी कुठं आसन? त्याच हौदावर. म्हशीला वर सोडून मागं उभी. तवा मला कोण काय म्हणंल, ते पुस्तक झेलंल का?"

कौसाबाईंनी म्हशीच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "मी सांगितलं ते खोटं न्हाई. पण औंदा नको."

बाईंनी तिथंच खाली बसून मुद्रितांतली ती पानं स्वतःच्या हातानं वेगळी काढली. छायाच्या हाताला लागू दिली नाहीत.

पुस्तक निघालं, चेअरमनच्या प्रस्तावनेसकट. तिच्यात सहकार चळवळीनं दुष्काळाला कसं तोंड दिलं ते सविस्तर होतं. प्रकाशन कारखान्याच्या सभागृहात झालं, फेटे बांधले, फोटो काढले. बाई आल्या नाहीत. पेपरात परीक्षणं आली. एकानं लिहिलं, लेखिकेच्या मनात कुणाबद्दलही कटुता नाही, हे या पुस्तकाचं मोठेपण. मी तो पेपर चुलीत घातला. छाया कायम झाली. तिनं पुन्हा काही लिहिलं नाही. मी विचारलं तर विषय बदलते. आणि त्यानंतर कुणी बाड घेऊन बाईंच्या दारात आलं की बाई दारातूनच सांगायच्या, "आडत बंद हाय."

आता त्यांच्या नावाचा मंच झालाय. ज्या घरानं ती पानं काढायला लावली, त्याच घरानं बांधलाय. पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं पुरस्कार देणार आहेत म्हणे, नव्या लेखकाला. निर्भीड लेखनासाठी.

निवृत्त झाल्यावर बाई भावाकडं राहायला निघाल्या, त्या दिवशी माजलगावच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेलो होतो. सामान फारसं नव्हतं. गाडीला वेळ होता. त्यांनी पिशवीतून छायाचं पुस्तक काढलं. वाचून वाचून कोपरे मऊ झालेले. एक जागा उघडून त्यांनी माझ्यापुढं धरली.

"इथं हुता तो धडा. ह्या ओळीच्या पुढं. वाच आन् मला सांग, इथनं काय काढलंय हे कळतंय का?"

मी वाचलं. वरच्या ओळीत टँकर आलेला होता, खालच्या ओळीत संध्याकाळ झाली होती आणि म्हैस दावणीला बसली होती. बाईंना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "न्हाई बाई. अजिबात कळत न्हाई. सांधा लई नीट बसलाय."

"मीच बसवला," बाई म्हणाल्या. "प्रकाशकाला जमंना. तिचं पुस्तक फाटकं दिसू नये म्हणून मीच दोन ओळी इकडच्या तिकडं केल्या." त्या ओळींवरून त्यांनी बोट फिरवलं. "फाटकं ठेवाया पाहिजे हुतं रे. वाचणारा हितं अडखळून पडाया पाहिजे हुता."

गाडी लागली. मी पिशवी वर चढवून दिली. बाईंना खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा मी हात केला, पण त्यांनी पाहिलं नाही. पुस्तक मांडीवर उघडं होतं, त्याच जागेवर, आणि बाई त्या दोन ओळींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर नख रोवून बसल्या होत्या.